पहिली .२२ रायफल घेतली, आता तिला काय काय लावायचं आणि साफ किती वेळा करायची?

शिकाऊ_बावीस
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. तीन महिने क्लबच्या रायफलवर ५० मीटर प्रोन (पालथं पडून) मारलं आणि शेवटी परवान्याचे सगळे सोपस्कार उरकून स्वतःची सेकंडहँड .२२ घेतली. बोल्ट ॲक्शन, सिंगल शॉट, जाड बॅरल, लाकडी स्टॉक (दस्ता), मागे डायोप्टर (बारीक भोकाची साइट) आणि पुढे रिंगवाली टनेल साइट. बटप्लेट (खांद्याला टेकते ती) थोडी वरखाली होते, चीकपीस (गाल टेकायचा भाग) मात्र फिक्स आहे. रायफल दिसायला छान ठेवलेली आहे पण आधीच्या मालकाने कशी वापरली देव जाणे.

आता प्रॉब्लेम असा की क्लबच्या रायफलवर माझे दहा शॉटला ८८-९० यायचे आणि स्वतःचीवर ८२ च्या वर जात नाहीये. पाचातले चार बरे पडतात आणि एक कुठेतरी डावीकडे खाली पळतो, कधी सातला तर कधी सहाला. म्हणून यादी केलीये: स्कोप, बायपॉड, हलका ट्रिगर, बॅरलच्या पुढची ट्यूब, वजनं, ॲडजस्टेबल चीकपीस, आणि चांगली क्लीनिंग किट. सगळं एकदम जमणार नाही, तर आधी काय घेऊ? आणि साफसफाईचं म्हणाल तर क्लबमध्ये एक जण म्हणतो रोज बॅरल चकचकीत झालीच पाहिजे, दुसरा म्हणतो त्याने दोन वर्षांत रॉड घातलेला नाही. नक्की कोणाचं ऐकायचं?

गंजका_गडी
अभिनंदन रे भावा! यादी वाचून माझी पहिली यादी आठवली, फक्त माझ्यात लेझर पण होता 😅

बायपॉड आणि स्कोप आत्ताच खोडून टाक. ५० मीटर रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दुर्बीण चालत नाही आणि प्रोनला टेकू पण चालत नाही, तुझी कोपरं आणि स्लिंग (हाताला बांधायचा पट्टा) हाच तुझा बायपॉड. गंमत म्हणून बेंचवरून कागद फोडायचे असतील तर गोष्ट वेगळी, तेव्हा सुद्धा स्कोप .२२ साठीचा बघ, कारण मोठ्या रायफलचे बरेच स्कोप १०० यार्डाला पॅरॅलॅक्स सेट केलेले येतात आणि ५० ला डोळा जरा हलला की क्रॉस टार्गेटवर फिरतो. ट्यूब आणि वजनं वर्षभराने बघू.

त्याआधी तीन गोष्टी सांग. काडतुसं कुठली मारतोयस? ॲक्शनचे स्क्रू शेवटचे कधी तपासलेस? आणि रायफल तुझ्या मापाची आहे का, की तू रायफलच्या मापाचा व्हायला बघतोयस?

शिकाऊ_बावीस
१) काडतुसं म्हणजे जे मिळेल ते. आधीच्या मालकाने दोन-तीन अर्धे डबे दिले होते, त्यातले एक हाय व्हेलॉसिटी लिहिलेले आहेत, बाकी स्टँडर्ड. संपवून टाकू म्हणून मिक्स करून मारतोय.
२) कुठले स्क्रू?
३) मान दुखते हे खरंय. मला वाटलं सगळ्यांचीच दुखते.

गंजका_गडी
"कुठले स्क्रू" 🤦 झालं, आता टॉर्कवाले भाऊ येतीलच धावत. माप पंडितकाकांवर सोडतो. काडतुसांचं मी रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

पालथा_पंडित
मान दुखते म्हणजे उत्तर तिथेच आहे बाळा. चांगल्या प्रोनमध्ये मान दुखत नाही, डुलकी लागते.

घरी असं कर. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ, मग चेंबरमध्ये (काडतूस बसतं तिथे) बोट घालून बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत. मॅटवर पड, जॅकेट असेल तर जॅकेट घाल, स्लिंग लाव, रायफल खांद्यात घे. आता डोळे मीट. दोन-तीन श्वास घे, डोकं चीकपीसवर अक्षरशः सोडून दे, उशीवर सोडतोस तसं. मग डोळा उघड आणि काही न हलवता डायोप्टरमधून बघ. पुढच्या साइटचं गोल टनेल मागच्या भोकाच्या मधोमध दिसलं पाहिजे, भोवती सगळीकडे सारखी पांढरी कड. टनेल भोकात खाली सरकलेलं दिसलं तर तुझा डोळा भोकाच्या रेषेखाली आहे, म्हणजे चीकपीस बुटकं आहे आणि नेम धरताना तू डोकं उचलून धरतोस, म्हणजे मानेच्या स्नायूंवर. साठ शॉट मानेवर डोकं धरून होत नाहीत, विसाव्या शॉटपासून गाल घसरायला लागतो. तुझा एखाददुसरा शॉट जो पळतो ना, त्यात याचा वाटा असणार अशी माझी शंका.

चीकपीस फिक्स आहे म्हणून लगेच नवीन स्टॉक घेत बसू नकोस. बंद पेशीचा फोम मिळतो, झोपायच्या मॅटचा असतो तो, त्याची पट्टी काप, दोन-तीन मिमीची एकेक, कापडी टेपने लाकडावर बसव आणि वर चढवत जा. रोज एक थर वाढव किंवा काढ. डोळे उघडल्यावर गोल मधोमध आलं की थांब. मग कधी पुढे ॲडजस्टेबल घेतलंस तर उंची तुला आधीच माहीत असेल. बोल्ट बाहेर काढता येईल एवढी जागा मात्र ठेव, मी एकदा इतकं सुंदर चीकपीस बनवलं होतं की साफ करताना बोल्ट निघेना.

लांबी. डोळा डायोप्टरच्या भोकापासून साधारण ५ ते १० सेंटीमीटर राहिला पाहिजे. मान पुढे ताणून बघावं लागतं म्हणजे बट लांब आहे किंवा साइट फार पुढे बसवली आहे, नाक अंगठ्याला लागतंय म्हणजे उलटं. डायोप्टर रेलवर मागेपुढे सरकतो, आधी तो सरकव, मग बटचे स्पेसर काढ-घाल. क्रम मुद्दाम सांगतोय, डोक्याची नैसर्गिक जागा आधी आणि साइट तिच्याकडे येते. नवीन पोरं साइट होती तिथेच ठेवतात आणि तिच्यामागे डोकं नेतात.

हॅन्डस्टॉप (पुढचा हात अडतो तो थांबा) पुढे सरकवला की रायफल खाली बसते, मागे घेतला की उंच होते. फार खाली जाऊ नको, स्लिंगच्या हाताचा कोपरापासून पुढचा भाग जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोनात आला तर मॅचमध्ये ज्यूरी उठवेल. स्लिंग इतकी घट्ट की रायफल ती धरून ठेवते, तू नाही, आणि इतकी नाही की बोटं काळीनिळी पडतील.

आणि जे जुळलं ते लिहून ठेव. बटप्लेट कितव्या रेषेवर, हॅन्डस्टॉप रेलच्या टोकापासून किती मिमी, चीकपीसचे किती थर. पेन्सिलची रेघ स्टॉकवर मार, लाज वाटू देऊ नको. २०१६ नंतर प्रोन ऑलिंपिकमधून गेलं, आता तिथे थ्री पोझिशनच आहे, तेव्हा आज ना उद्या तू नीलिंग आणि स्टँडिंगला जाणारच, आणि तिथे सगळी मापं बदलतात. लिहिलेलं नसेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

टॉर्कवाला
आलो. 😎

ॲक्शन म्हणजे बोल्ट आणि चेंबर असलेला लोखंडी भाग, तो स्टॉकला खालून साधारण दोन स्क्रूंनी धरलेला असतो, ते ॲक्शन स्क्रू. लाकूड ओलाव्याने फुगतं, सुकल्यावर आकसतं, त्यामुळे लाकडी स्टॉकला हे स्क्रू आपोआप सैल पडतात, कोणाची चूक नसते. सैल पडले की प्रत्येक शॉटला ॲक्शन लाकडात केसभर वेगळी बसते. ५० मीटरवर दहाचं वर्तुळच १०.४ मिमीचं, आणि पुढची प्रत्येक रिंग फक्त ८ मिमी रुंद, मग केसभर म्हणजे किती ते तूच बघ.

एक छोटा टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) घे, तुझ्या यादीतल्या कुठल्याही वस्तूआधी. किती टॉर्क ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतं, आकडा तिथूनच घे, माझा किंवा क्लबमधल्या कोणाचा नको, कारण नुसतं लाकूड, आत धातूचे पिलर आणि ॲल्युमिनियम स्टॉक या तिघांचे आकडे वेगवेगळे. रायफल उभी धर, बट जमिनीवर, म्हणजे ॲक्शन आपल्या वजनाने मागे नीट बसते, मग पुढचा थोडा, मागचा थोडा, पुन्हा पुढचा, असं करत आकड्यावर ये. अंगातला जोर लावून आवळलंस तर लाकूड चेपतं आणि एकदा चेपलं की चेपलं.

मग कागदाची टेस्ट. साध्या कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकव. फ्री फ्लोट बॅरल (स्टॉकला न टेकणारी) असेल तर पट्टी ॲक्शनच्या जवळपर्यंत अडथळा न होता गेली पाहिजे. आता खरी गंमत, मित्राला सांग पट्टी सरकव आणि तू प्रोनमध्ये स्लिंग ताणून रायफल धर. काही हलक्या स्टॉकचा पुढचा भाग स्लिंगच्या ओढीने वाकतो आणि बॅरलला टेकतो, म्हणजे टेबलावर सगळं ठीक आणि मॅटवर गडबड. तसं असेल तर सँडपेपर काढू नकोस, आधी इथे फोटो टाक.

आणि डायोप्टर हाताने हलवून बघ. बुडाचा क्लॅम्प ११ मिमीच्या रेलवर नीट बसलाय का, पुढच्या टनेलचा स्क्रू घट्ट आहे का. लोक हजार गोष्टी तपासतात आणि साइट डुगडुगत असते.

ट्रिगरबद्दल. खरं तर ५० मीटर रायफलला ट्रिगरच्या वजनाची मर्यादाच नाही, म्हणून मोठ्या खेळाडूंचे ट्रिगर फुंकर मारली तर सुटतील असे असतात. ते बघून तू तुझा हलका करू नकोस. वजनापेक्षा तो स्वच्छ तुटतोय का, दोन टप्प्यांचा असेल तर पहिला टप्पा संपल्याची भिंत बोटाला कळतेय का, हे महत्त्वाचं. बाहेरून जे स्क्रू दिलेत तेवढेच मॅन्युअल बघून फिरव, अर्धा फेरा, जास्त नाही. आत सिअरला (पिन अडवून धरणारा तुकडा) कानस लावायची नाही, कधीच नाही. आणि काहीही फिरवलंस तर रिकाम्या रायफलवर बोल्ट पाच-सहा वेळा जोरात बंद करून बघ, सेफ्टी लावून काढून बघ, बट रबरी मॅटवर हलके आपट. एकदा जरी आपोआप सुटला तर तो ट्रिगर रेंजवर न्यायचा नाही, सरळ गनस्मिथकडे.

चिंधीताई
मानेचं काकांनी सांगितलं, स्क्रूचं भाऊंनी, चिंध्यांचा विषय माझा 🙂

रोज चकचकीतवाले आणि दोन वर्षंवाले दोघेही अर्धे बरोबर आहेत. .२२ ची गोळी नरम शिशाची, वर मेणाचा किंवा ग्रीसचा थर, वेग कमी. मोठ्या रायफलसारखं तांबं बॅरलमध्ये चिकटतच नाही त्यामुळे तांबं काढायचं ते अमोनियावालं सॉल्व्हेंट तुला नकोच. उलट तो मेणाचा पातळ थर नळीत सारखा पसरला की रायफल स्थिर मारते, म्हणूनच कोरडी साफ केलेली बॅरल पहिले दहा-पंधरा शॉट इकडेतिकडे टाकते आणि मग शांत होते. रोज साफ करणारा रोज तेच दहा-पंधरा शॉट पुन्हा वाया घालवतो.

पण चेंबर वेगळं. चेंबर संपून रायफलिंग सुरू होतं तिथे कार्बन आणि मेण जळून एक कडक कडं तयार होतं. ते वाढलं की काडतूस शेवटी जरा अडतं, बोल्ट बंद करताना हाताला कळतं, आणि ग्रुप (शॉटचा पुंजका) हळूहळू उघडायला लागतो. इतका हळू की आपल्याला वाटतं आपलाच फॉर्म गेला. नुसत्या चिंध्यांनी ते जात नाही, सॉल्व्हेंट लावून थोडा वेळ भिजू द्यावं लागतं, मग ब्राँझचा किंवा नायलॉनचा ब्रश तेवढ्याच भागात फिरवायचा. स्टीलचा ब्रश चुकूनही नाही.

आता कसं, ते सांगते, कारण किती वेळापेक्षा कसं जास्त महत्त्वाचं आहे. माझी पहिली रायफल मी स्वतः खराब केलीये. तीन तुकडे जोडून होणारा ॲल्युमिनियमचा रॉड होता, बोल्ट काढायचा कंटाळा, म्हणून पुढून, मझलमधून, घालायचे, सटासट मागेपुढे. ॲल्युमिनियम नरम म्हणून मला वाटायचं बॅरलला काय होणार, पण नरम रॉडमध्ये कचकच रुतून बसते आणि तो पॉलिश पेपरसारखा घासतो. वर्षभराने एका जुन्या नेमबाजाने भिंगातून मझल दाखवली, क्राउनची कड एका बाजूला गुळगुळीत झालेली, खालच्या अंगाला, जिथे माझा रॉड टेकायचा बरोबर तिथेच. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श ज्या कडेला होतो ती कड. मागचा वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला ढकलतो. शेवटी टोक कापून नवीन क्राउन करून घ्यावं लागलं.

तर: एकसंध रॉड, कोटिंगवाला, मूठ फिरणारी. बोल्ट काढून त्या जागी बोअर गाइड (रॉड मधोमध धरणारी नळी). नेहमी मागून पुढे. सॉल्व्हेंटची एक ओली चिंधी, थांबायचं, मग कोरड्या, प्रत्येक चिंधी मझलबाहेर आली की काढून टाकायची, तीच घाण परत आत ओढायची नाही. फेल्टच्या गोळ्या मिळतात त्या पण छान, मी आता त्याच वापरते. रॉड प्रत्येक फेरीनंतर पुसायचा. चिंध्या पूर्ण पांढऱ्या निघेपर्यंत रडत बसायचं नाही, राखाडी चालतं. हे मी दर तीन-चारशे शॉटला करते, तुझी रायफल तुला तिचा आकडा सांगेल, वहीत लिही.

रोज काय? बोल्टचं तोंड टूथब्रशने, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मेणाचा गोळा जमतो तो लाकडी काडीने काढायचा, बोल्टच्या लगला ग्रीसचा एक ठिपका, बाहेरून तेलाचं फडकं. फायरिंग पिनच्या खोबणीत तेल ओतायचं नाही, थंडीत घट्ट होतं आणि मिसफायर होतात. ट्रिगरमध्ये तर तेल अजिबातच नाही.

आणि घामट हाताने धरलेली रायफल तशीच फोमच्या केसमध्ये बंद करू नकोस. फोम ओलावा धरून ठेवतो. घरी आल्यावर काढ, पूस, सुकू दे, मग तिजोरीत, सिलिका जेलची पुडी टाकून.

हातपण धू रे. प्रायमरमध्ये शिसं, गोळीत शिसं. गार पाणी आणि साबण, आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही नाही.

रोज_पुसणारा
ताई सगळं मान्य पण मी तर दर सेशनला दोन ओल्या दोन कोरड्या मारतो, पाच वर्षं झाली, रायफल पहिल्यासारखीच मारते. इथे हवा इतकी दमट आहे की न पुसता ठेवली तर मला झोपच लागत नाही.

चिंधीताई
@रोज_पुसणारा गाइड लावून मागून करत असाल तर बॅरलला काही होत नाही, करा की. माझं म्हणणं एवढंच की मॅचच्या आदल्या रात्री करू नका, आणि केलंच तर सायटिंगचे (नेम जुळवायचे) शॉट जास्त धरा. दमट हवेचं खरंय, पण जळलेला मेणाचा थर स्वतःच थोडं गंजापासून वाचवतो. गंज बहुतेक बाहेरून लागतो, जिथे हात लागतो तिथे.

गंजका_गडी
आलो, काडतुसं.

.२२ लाँग रायफल १८८७ सालचं काडतूस आहे, तेव्हापासून पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, रिममध्ये. तो मसाला कडेभर सारखा पसरला नाही की प्रत्येक काडतूस जरा वेगळं पेटतं. महागात आणि स्वस्तात फरक मुख्यतः इथेच, सारखेपणाचा. आपण मोठ्या रायफलवाल्यांसारखं घरी भरून घेऊ शकत नाही, जे डब्यात आलं ते आलं.

हाय व्हेलॉसिटी बाजूला ठेव. ती साधारण ३८० मीटर प्रतिसेकंदाने निघतात आणि ५० मीटरच्या आसपास आवाजाच्या वेगाला, म्हणजे ३४० च्या आगेमागे, येऊन ठेपतात, नेमकं जिथे गोळी डचमळते तिथे. टार्गेटची काडतुसं मुद्दाम ३२०-३३० ला ठेवलेली असतात, सुरुवातीपासून आवाजाच्या खाली. आणि दोन्ही मिक्स मारलंस तर ५० वर उंचीतच दोन ग्रुप पडतात, मग तू डायोप्टरच्या टिकटिक फिरवत बसतोस. तुझे ८२ कुठून येतात याचं मला फार आश्चर्य नाही, उलट ८२ येतातच कसे याचं आहे.

करायचं काय: तीन-चार प्रकारचे स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे डबे घे. एसके, एली, लापुआ, जे मिळेल ते, सगळ्यात वरचं लागत नाही. (एसके आणि लापुआ दोन्ही जर्मनीत एकाच कारखान्यात बनतात, शोनेबेकला, तरी एका बॅरलला एक आवडतं आणि दुसरं नाही, कशाला ते विचारू नको.) रायफल वाळूच्या पिशवीवर टेकव. प्रकार बदललास की आधी पंधरा शॉट नुसते मार, बॅरलमध्ये जुन्याचं मेण असतं ते जाऊन नव्याचं बसू दे. मग पाच-पाचचे निदान चार ग्रुप. एकच झक्कास ग्रुप आला म्हणून नाचू नकोस, पाच शॉटचा एक चांगला ग्रुप कोणालाही लागतो. चारातला सगळ्यात वाईट कुठल्या काडतुसाचा लहान आहे ते बघ. जे ठरेल त्याच्या डब्यावरचा लॉट (एका खेपेचा) नंबर बघून तोच जमेल तेवढा घेऊन ठेव.

वारा विसरू नको हं टेस्ट करताना. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळी दोन-अडीच सेंटीमीटर नेतो, तीन रिंगा गेल्या. झेंडा नसेल तर काठीला लोकर बांध.

शिकाऊ_बावीस
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, प्रिंट काढतोय. एक शंका, घरी ड्राय फायर करू का? कोणी म्हणतं .२२ ला करायचंच नाही.

टॉर्कवाला
रिमफायरला पिन बुडाच्या कडेवर मारते, काडतूस नसेल तर काही रायफलमध्ये ती सरळ चेंबरच्या ओठावर आपटते, तिथे खळगा पडतो आणि मग पुंगळी अडकायला लागते. सगळ्यांत असं नसतं, मॅन्युअल बघ. नाहीतर स्नॅप कॅप (नकली काडतूस) घाल. रिकाम्या पुंगळीवर पण करतात लोक, दर वेळी जराशी फिरवून, पण त्यात रिकामी समजून भरलेलं हाताला लागायचा धोका आहे म्हणून मी सांगत नाही. रंगीत प्लॅस्टिकचीच घे, लांबून कळते. आणि करत नसशील तेव्हा चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग.

शिकाऊ_बावीस
तीन आठवड्यांनी अपडेट. पुढचा ॲक्शन स्क्रू हाताने फिरला!! अक्षरशः बोटांनी. टॉर्क रेंच आणून मॅन्युअलप्रमाणे केला, कागद सरकतो, स्लिंग ताणूनही सरकतो. चीकपीसवर फोमचे चार थर चढले, डायोप्टर दोन सेंटीमीटर मागे आला. मान दुखायची थांबली, डुलकी अजून नाही लागली काका. चेंबरमधून काळं काय निघालं ते विचारू नका, दोन दिवस भिजवलं, आता काडतूस लोण्यासारखं जातं. चार प्रकारांतून एक ठरलं, लॉटचे पाच डबे घेतले. काल दहा-दहाचे चार केले, ९१, ८९, ९३, ९२. डावीकडे खाली पळणारा चाळिसात फक्त एकदा, आणि तो माझाच होता, श्वास संपल्यावर ओढला.

आता सांगा, नेमकं कशाने सुधारलं?

पालथा_पंडित
ते आता तुलाही कळणार नाही आणि आम्हालाही नाही. चार गोष्टी एकदम बदलल्यास ना. यापुढे एका वेळी एकच बदल, मध्ये निदान दोन सेशन, आणि वहीत तारीख. आकडे चांगले आहेत म्हणून या वेळी सोडतोय.

पुढच्या साइटमध्ये रिंग कितीची आहे?

शिकाऊ_बावीस
३.२ लिहिलंय. काळा गोल रिंगमध्ये जेमतेम मावतो, भोवती केसाएवढी कड दिसते. बारीक म्हणजे अचूक असं वाटलं म्हणून तीच ठेवली.

पालथा_पंडित
टार्गेटवरचा काळा गोल ११२.४ मिमीचा. तुझ्या डोळ्यापासून पुढची साइट ९० सेंटीमीटरवर धरली तर तो तिथे साधारण २ मिमीचा दिसायला हवा, म्हणजे ३.२ मध्ये दोन्हीकडे अर्ध्या मिमीहून जास्त कड असते. तुला केसाएवढीच दिसतेय म्हणजे एकतर साइट डोळ्यापासून फार लांब आहे, बॅरल लांब असेल, नाहीतर मागचं भोक फार उघडं आहे आणि सगळं धूसर होतंय. मागे आयरिस (भोक लहानमोठं करायची सोय) असेल तर १.१ किंवा १.२ वर आणून बघ. पुढे ३.८ लाव. कड जाड दिसली की रायफल हललेली कमी जाणवते आणि बोट घाबरत नाही. बारीक रिंगमध्ये प्रत्येक ठोका दिसतो मग पोरं योग्य क्षण पकडायला जातात आणि ओढतात. तुझा तो चाळिसातला एक तसलाच.

आधी फक्त आयरिस. रिंग पुढच्या आठवड्यात.

शिकाऊ_बावीस
हो काका. वहीत लिहिलं.

गंजका_गडी
आणि तो हाय व्हेलॉसिटीचा अर्धा डबा अजून आहे का तुझ्याकडे? फेकू नको, क्लबला धातूची पाडायची टार्गेटं असतात तिथे धमाल येते.